गार

दारखान शहराच्या उत्तर टोकाला
तिसरा बॉयलर बंद पडला त्या रात्री
बाहेर उणे चौतीस होतं
आणि सतरा इमारतींमधले पाइप
आतल्या आत कण्हू लागले होते.

ओस्तोया भट्टीत शिरलेला,
कंबरेपर्यंत आत, पाय तेवढे बाहेर.
झेनित्साचा माणूस, भट्टीच्या विटांचा कारागीर.
तिकडे बोस्नियात, पोलाद कारखान्याच्या सावलीत
सकाळी वाळत घातलेली चादर
संध्याकाळी राखाडी होऊन घरात यायची;
आई ती झटकायची
आणि एकच शब्द थुंकायची: गार.
काजळी.

छताची एक वीट हलली.
त्सेवेलमानं ती हलताना पाहिली.
एकोणीस वर्षं ती या भट्ट्यांना कोळसा भरवतेय,
भट्टी शिंकायच्या आधी तिला कळतं.
ती ओरडली, आपल्या मंगोल भाषेत, जेवढ्यास तेवढं:
गार!
म्हणजे नीघ. बाहेर ये. आत्ता.

आतून आवाज आला, घुमत, समजूतदार:
हो हो, गार. खूप आहे. खरवडतोयच.

येफिम दाराशी चहा ओतत होता.
चिताकडच्या जंगलात बावीस उन्हाळे
त्यानं वणवे विझवले होते.
त्याच्या रशियन कानात तोच शब्द
शेवटाशी जरासा मऊ होऊन शिरला:
जळका वास. जळून गेलेलं रान.
त्यानं काही विचारलं नाही,
चहा तसाच सांडू दिला,
बादली उचलली
आणि ओस्तोयाच्या पायांवर रिकामी केली.

वीट पडली तेव्हा
ओस्तोया बाहेर होता, निथळत, शिव्या देत,
आणि त्या मात्र
तिघांनाही नीट कळत होत्या.

मग मोडक्यातोडक्या रशियनमध्ये उलगडा.
त्सेवेलमानं तळवा पुढे केला. हाही गार, म्हणाली.
हात.
त्यानं आपला ठेवला त्यावर.
काजळीचे पाचही रस्ते तिच्या हातावर उमटले,
ती पुसायला गेली, मग राहू दिले.

येफिम सांगू लागला,
जळक्या रानाला आमच्याकडे पत्ता असतो.
गाडीवाल्याला म्हणायचं, जुन्या गारीपाशी सोड.
आधी गुलाबी तुरे येतात तिथे, माणसाएवढे,
मग तिसऱ्या-चौथ्या वर्षी रासबेरी,
बायका बादल्या घेऊन जातात.
मी नाही खात तिथली.
का, ते कुणी विचारलं नाही.
त्सेवेलमानं त्याचा कप पुन्हा भरला.

या ओळी ज्या भाषेत उतरताहेत
तिथेही तो शब्द राहतो.
आभाळातून पडतो तेव्हा पोरं वेचून तोंडात टाकतात.
ठिणगी पाडणाऱ्या दगडालाही तेच नाव.
रांजणातल्या पाण्याला लागतो,
आणि ज्याच्या उशाशी आपण उशिरा पोचतो
त्याच्या हाताला.
त्या तिघांपैकी कुणालाच तो ठाऊक नव्हता,
पण ओस्तोयाच्या विजारीत
तो तेव्हा चांगलाच मुरत होता.

सातला भट्टी पेटली.
ओस्तोयाचे मोजे नळावर वाळत पडले,
त्यांचा वास तिन्ही भाषांत सारखाच.
त्सेवेलमानं नोंदवहीत वेळ लिहिली,
कारणाच्या रकान्यात लिहिलं: एक वीट.
खाली सही केली.
सहीला त्यांच्याकडे हाताचं अक्षर म्हणतात,
आज त्याला अंगठ्याएवढा काळा डागही होता.

पावणेनऊला तिनं बाहीनं काचेवरचं बर्फ खरवडलं
आणि कुणाला न सांगता म्हणाली,
नार गारला.
सूर्य निघाला.

मला मात्र दर वेळी ऐकू येतं
गारठला,
आणि मी तिला
काचेपाशी उभी पाहते,
कपाळावर उजेड,
तोंडातून वाफ.